मामाची कावीळ

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी मिरजोळ्याला एका कारखान्यात कारकून होतो आणि तिथेच जवळ खोली घेऊन एकटा राहत होतो. शेजारी नवीन शेडचं बांधकाम चाललं होतं. टाकीत पाणी साचलेलं असायचं आणि संध्याकाळी डास नुसते घोंघावायचे. पावसाळा सरता सरता मला थंडी वाजून ताप आला. मलेरिया निघाला. ताप उतरल्यावर तो पुन्हा उलटू नये म्हणून डॉक्टरांनी दुसऱ्या गोळ्या दिल्या.

त्या सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांतच लघवी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले. मी रिक्षा करून सरकारी इस्पितळात जाऊन दाखल झालो.

बाजूच्या खाटेवर एक म्हातारे होते. त्यांच्यासाठी सकाळ-संध्याकाळ घरून पेज यायची. त्यांची सून मला विचारायची, "तुमचं कोण नाही आलं?" मी म्हणायचो, "येतील." खरं तर मी कुणाला कळवलंच नव्हतं. आमचं गाव आत, घाटाकडे. फोन फक्त दुकानात. पण रक्त चढवायची वेळ आली आणि नर्सनं घरच्यांना बोलावून घ्यायला सांगितलं, तेव्हा आईला निरोप धाडावा लागला. घरात आम्ही दोघंच होतो.

आई दुपारच्या एस्टीनं आली. ती पिशवी खाली ठेवतेय तोच डॉक्टरीणबाई फेरीवर आल्या.

"आईकडच्या कुणाला असं झालं होतं? मामांना वगैरे?" त्यांनी मला विचारलं.

"एक मामा मुंबईला काविळीनं गेला. माझ्या जन्माआधीच. दारू प्यायचा म्हणतात."

"म्हणू देत!" आई एकदम म्हणाली. "माझा भाऊ थेंब घेत नव्हता. ताप आलावता त्याला. गोळ्या घेतल्यान आन् पिवळा झाला. पण कावीळ म्हटल्यावर सगळ्यांनी दारूच धरली. बापसानं नाव टाकलान त्याचं."

बाई खाटेच्या कडेला बसल्या. "आजी, यांच्या रक्तात जन्मापासून एक गोष्ट कमी असावी, असा मला संशय आहे. एरवी त्यानं काही बिघडत नाही. पण मलेरियाची ती एक गोळी पोटात गेली, की तांबड्या पेशी फुटायला लागतात. रक्त तसं नसतं, तर गोळी बाधली नसती. डास चावला नसता, तर गोळी घ्यावीच लागली नसती. तुमच्या भावाचंही कदाचित असंच झालं असेल. आता खात्रीनं नाही सांगता येणार."

आई रडायला लागली. मग पदरानं डोळे पुसत तिनं विचारलं, "ह्यां येतं कुठून?"

"आईकडून मुलाकडे येतं. त्यात तुमचा काही दोष नाही."

त्यानंतर माझ्या उशाशी बसूनही आई माझ्याकडे बघेना. भावावरचा बट्टा पुसला गेला होता आणि त्याच दमात माझं दुखणं तिच्या पदरात पडलं होतं. मी म्हटलं, "आये, मी बरा होतोय." तिनं नुसती मान हलवली.

मी बरा झालो. काही महिन्यांनी रक्त तपासायला मुंबईला पाठवलं आणि संशय खरा निघाला. तेव्हा आई म्हणाली, "मला माहेरी ने." तिचा थोरला भाऊ तेवढा उरला होता, तो ओटीवर विडी ओढत बसला होता. आईनं त्याला सगळं सांगितलं, अगदी डॉक्टरीणबाईंच्याच शब्दांत. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आता काय त्याचं? चाळीस वर्षां होत आली." मग त्यानं आतून चहा मागवला आणि यंदा भात कसं पडलंय ते सांगत बसला.

परतीच्या गाडीत आई खिडकीकडे तोंड करून बसली.

पुढे माझ्यासाठी दोन स्थळं आली. आई म्हणायची, रक्ताचं सांगू नको. मी दोन्हीकडे सांगितलं; तेवढ्यानं काही अडत नाही, फक्त काही औषधं टाळायची, असंही समजावलं. दोघांनीही गोड बोलून चहा पाजला आणि पुन्हा निरोप धाडला नाही. तिसरं स्थळ बघायला मी आईला नको म्हटलं. तिनंही आग्रह केला नाही. ती गावी राहिली, मी मिरजोळ्याला. रविवारी मी दुकानात फोन लावायचो. ती धापा टाकत यायची आणि पहिलं हेच विचारायची, "डोळे पिवळे नाहीत ना रे?"