संशयित नकाशा

"सुधीर, जस्ट राइट 'डायग्रॅम' अँड मूव्ह ऑन," कॅरन म्हणाली. कॅनडात, मार्कहॅममधल्या आमच्या ट्रान्सलेशन ऑफिसची ती मॅनेजर.

मी काही हललो नाही. समोर दुसऱ्या महायुद्धातल्या एका फाइलची फोटोकॉपी होती. आफ्रिकेच्या वाळवंटात लढणाऱ्या मराठी शिपायाला घरून आलेलं पत्र सेन्सॉरने, म्हणजे सैनिकांचं टपाल फोडून वाचणाऱ्या खात्याने, अडवलं होतं. मजकुराखाली चौकोन, त्यात तिरक्या रेषा, बारा घरं, घरांत आकडे. शेजारी गोऱ्या अधिकाऱ्याचा शेरा: 'छावणीचा नकाशा. हेरगिरीचा संशय.' शिपाई अटकेत.

फाइल मागवली होती त्याच्या मुलीने, इंदूताईंनी. २०१६ साली त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. वडील तिकडेच लढाईत गेले. गावात बातमी पोचली ती एवढीच, की फितुरीत पकडला होता.

"आई त्या एका शब्दापायी मान खाली घालून जगली हो," त्या मला म्हणाल्या होत्या. "वाईट असलं तरी खरं सांगा."

मला हसू आलं. कारण माझ्या लेकीची पत्रिका आईने अशीच पत्राखाली आखून पाठवली होती. मी कॅनडात नवा होतो तेव्हा. बेसमेंटमध्ये राहायचो आणि आईचं पत्र आलं की जेवण थंड व्हायचं. तसली पत्रं आता कोण लिहितंय?

'चं' हे अक्षर, म्हणजे चंद्र, दोन आकड्याच्या घरात होतं. मी फोन लावला.

"इंदूताई, तुमची रास वृषभ का?"

"हो. का हो?"

"ही तुमची पत्रिका आहे. नकाशा-बिकाशा काही नाही."

मी फोन न ठेवता फाइल पुढे वाचत गेलो.

पुढची पानं इंग्रजीत होती. मराठी वाचणारा सुभेदार मिळायला तीन दिवस लागले. त्याने शिपायासमोर पत्र मोठ्याने वाचून दाखवलं आणि शिपायाची सुटका झाली. शेवटची नोंद: 'कागद परत मिळावा अशी शिपायाची विनंती. नामंजूर.'

तेही मी इंदूताईंना फोनवर वाचून दाखवलं.

"म्हणजे मी झाले हे त्यांना कळलं होतं," इंदूताई म्हणाल्या. फितुरीचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही.

कॅरनला मी 'जन्मपत्रिका' असं लिहून दिलं, खाली सही केली. तेव्हापासून नव्या ट्रान्सलेटरला एकच सांगतो: आकृती कळली नाही तर 'कळली नाही' असं लिहा. नकाशा म्हणू नका.