नेस्टरचे शेअर आणि एडलीनचा जिना

नेस्टर ह्रिन्कीव या माणसाने उभ्या आयुष्यात एकही शेअर विकलेला नाही, आणि हे तो अशा थाटात सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, गड्याने लढाई मारली. मी त्याच्या बायकोची, एडलीनची, थोरली बहीण. गेली वीस वर्षं दर एप्रिलला त्या दोघांचे कराचे कागद मीच भरून देते. त्यामुळे मला त्यांचं सगळं माहीत आहे, आणि माहीत आहे म्हणूनच डोकं फिरतं.

नेस्टरने एकतीस वर्षं पाइपलाइन कंपनीच्या पंपिंग स्टेशनवर काढली, आमच्या व्हेग्रेव्हिल गावापासून अर्ध्या तासावर. पगारातून त्याच कंपनीचे शेअर घेत गेला. मध्ये तेलाचे भाव कोसळले, निम्मी पोरं काम जाऊन घरी बसली, घरांना गिऱ्हाईक मिळेना. पण कंपनीचा डिव्हिडंड दर तीन महिन्यांनी येतच राहिला. तेव्हा जी त्याची श्रद्धा बसली ती बसलीच. को-ऑपच्या दुकानात कॉफीच्या टेबलावर बसणारे म्हातारे आजही त्याला विचारल्याशिवाय पैसे गुंतवत नाहीत. याचं सांगणं एकच. "विकायचं नाही. विकणं म्हणजे बियाणं खाणं." सगळ्यांचे बापजादे गहू पिकवणारे, त्यामुळे माना डोलवतात.

बरं, येतो तो डिव्हिडंड हातात तरी पडावा. नाव नको. त्या पैशांचे परस्पर आणखी शेअर घेतले जातात, तसा फॉर्मच त्याने भरून ठेवलाय. म्हणजे तीस वर्षं गाय दूध देते आणि हा ते दूध गाईलाच पाजतो.

माणूस वाईट नाही हो. उणे तीसमध्ये शेजारच्या विधवेच्या दारातला बर्फ न सांगता उपसून येतो. पण स्वतःच्या घरातलं त्याला दिसत नाही.

एडलीनचे दोन्ही गुडघे गेलेत. ऑपरेशनच्या रांगेत नाव लागून वर्ष झालं, नंबर यायचा पत्ता नाही. आणि कपडे धुण्याचं मशीन तळघरात. जिना उभा, कठडा एकाच बाजूला. आठवड्याला तीन वेळा ती टोपली घेऊन खाली जाते आणि टोपली घेऊन वर येते. फेब्रुवारीत पडली. सहा आठवडे मनगट प्लास्टरमध्ये. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जिना बंद. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत नळ आणायचा, नवं मशीन बसवायचं, सगळे मिळून सहा हजार डॉलर. नेस्टर म्हणाला, "बघू. पुढचा डिव्हिडंड येऊ दे." गुडघे दुखायला लागल्यापासून नऊ वर्षं हेच ऐकतेय मी.

खरं सांगू, मला नेस्टरपेक्षा जास्त राग एडलीनचा यायचा. ती बावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. घरखर्च नेस्टरच्या पगारातून आणि एडलीनच्या पगाराचे शेअर एडलीनच्या नावावर, म्हणजे कर कमी बसतो, ही अक्कल नेस्टरचीच. तो सगळ्यांना 'माझे शेअर' म्हणून सांगतो, पण त्यातले जवळजवळ निम्मे या बाईचे. दर एप्रिलला कागद तिच्यापुढे सही करायला ठेवते आणि सांगते, "अगं बये, तुझेच आहेत. एक फोन कर आणि थोडे विक."

"त्याला वाईट वाटेल गं, ताई."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी कपाळाला हात लावून घरी यायची.

यंदा एका शनिवारी गेले. स्वयंपाकघरात कागद पसरून बसले होते. एडलीन तळघरातून टोपली घेऊन वर येत होती. तेवढ्यात नेस्टर टपाल घेऊन आला आणि जिन्याच्या तोंडाशीच उभा राहून त्याने पाकीट फोडलं.

"एडलीन, ऐक. डिव्हिडंड तीन सेंटांनी वाढवला."

"नेस्टर, जरा..."

"ऐक तर. सलग पंचविसावं वर्ष." आणि त्याने कंपनीच्या अध्यक्षांचं अख्खं पत्र वाचायला घेतलं. त्याच्या खांद्यावरून मला ती दिसत होती. चार पायऱ्या खाली, एका हाताने कठडा धरलेला, टोपली कमरेला टेकवलेली.

"अरे बाजूला हो," मी ओरडले, "बायको वर येतेय."

"आलोच, शेवटचा परिच्छेद राहिलाय," म्हणाला, आणि तो वाचूनच हलला. एडलीन वर आली आणि टोपली टेबलावर ठेवली. माझा मात्र तिळपापड झाला होता.

सोमवारी अकराला तिचा फोन. "ताई, विकले. एकशे वीस. दुपारी जेवायला ये, मी त्याला सांगणार आहे. तू समोर असलेली बरी."

मला वाटलं, थट्टा करतेय. गेले. नेस्टर बिटाचं सूप, बोर्श्त, ओरपत होता. एडलीनने पाव त्याच्यापुढे सरकवला आणि ती म्हणाली, "मी माझे एकशे वीस शेअर विकले आज. मशीन वर आणतेय."

त्याचा चमचा थांबला. आता हा आकांडतांडव करणार म्हणून मी बाह्या सरसावून तयार. पण विचारलं काय, तर "कितीला गेले?"

"एकेक पन्नास डॉलर दहा सेंटला."

"बरा भाव आहे." मग बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि चेहरा उतरला त्याचा. "अगं, पण बुधवारी डिव्हिडंडची तारीख आहे, तोवर शेअर ज्याच्याकडे त्यालाच पैसे. बुधवारी विकले असतेस तर या खेपेचा डिव्हिडंड आपल्यालाच मिळाला असता. दोन दिवस, एडलीन. एकोणऐंशी डॉलर वीस सेंट गेले."

"धन्य आहे तुझी," मी म्हटलं. "बायकोचं मनगट मोडलं तेव्हा इतकं तोंड पडलं नव्हतं तुझं."

"तू थांब गं, ताई," एडलीन म्हणाली. आवाज अगदी शांत. "तारीख मला ठाऊक होती. तीस वर्षं ऐकतेय तुझ्या तारखा. म्हणून तर आज विकले."

"म्हणजे मुद्दाम?"

"बुधवारी विकायचे ठरवले असते तर बुधवारी काहीतरी दुसरं निघालं असतं. तुझा कुठला ना कुठला बुधवार असतोच, नेस्टर."

खाली तळघरात मशीन थांबल्याची घंटी वाजली. एडलीनने सवयीने टेबलावर दोन्ही हात टेकले आणि उठायला लागली. नेस्टर तिच्या आधी उठला. बोर्श्त तसाच टाकून खाली गेला. बराच वेळ लागला त्याला. वर आला तो धापा टाकत, ओल्या चादरींची टोपली पोटाशी धरून.

"तेरा पायऱ्या आहेत," तो म्हणाला.

"चौदा," एडलीन म्हणाली. "सगळ्यात खालची अंधारात आहे, दिसत नाही. मी पडले ती तिथेच."