चिंधूचं न थांबणारं इंजिन

अंबाडी गावाच्या पलीकडे रामदासशेठचा म्हशींचा तबेला होता आणि त्याला चिकटूनच कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना. अठ्ठ्याऐंशी साल उजाडलं तरी विजेची तार तिथवर पोचली नव्हती. त्यामुळे शेणाच्या गॅसवर इंजिन, इंजिनावर जनरेटर आणि त्यावर लूम, असा रात्रंदिवसाचा कारभार. इंजिन सांभाळायला चिंधू. छाती अशी काढून चालायचा की वाटावं, वीज त्याच्याच पोटातून निघते.

शेणाच्या गॅसनं इंजिनातलं तेल आंबतं, काळं पडतं. अधूनमधून इंजिन थांबवून ते काढून टाकावं लागतं. पण इंजिन थांबलं की कुणीतरी विचारणार, "काय रे चिंधू, बंद पडलं?" हा प्रश्न त्याला शिवीसारखा झोंबे. म्हणून हा शहाणा चालत्या इंजिनातच, जुन्या तेलावर नवं ओतायचा आणि त्याला मेंटेनन्स म्हणायचा.

लूमसाठी सुताच्या कांड्या भरणारी जाईबाई म्हणाली, "आंघोळ न्हाय, नुसती वरून पावडर. तसं हाय तुजं."

"तू कांड्या भर, आत्या. मशीन बाईमाणसाचं काम न्हाय."

खंडेनवमी आली. त्या दिवशी यंत्रं थांबवून, धुऊनपुसून पुजायची, ही साऱ्यांची रीत. पण त्याच दिवशी शहरातल्या कामतघरचा एक कारखानदार इंजिन बघायला येणार होता. त्याला असंच इंजिन बसवायचं होतं आणि त्यावर माणूसही हवा होता. ती जागा मिळाली की तबेल्याच्या वासातून सुटका, पँट घालून शहरात मिरवायचं, हे चिंधूनं मनात पक्कं केलेलं.

"आज तरी थांबव," शेठ म्हणाला. "खंडेनवमीला शेतकरी नांगरसुद्धा उभा ठेवतो."

"नांगराला पिस्टन असतो काय, शेठ? पाव्हणा काय उभं इंजिन बघाया येतोय?"

शेठनं विषय सोडला. त्यालाही लूम चालायला हवेच होते.

पाहुणा आला. चिंधूनं धडधडत्या इंजिनाला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि आपल्या अखंड सेवेचं पुराण लावलं. मध्येच इंजिनाचा आवाज जड झाला.

"हे असं काय करतंय?" पाहुण्यानं विचारलं.

"लोड घेतंय, साहेब. ताकद हाय त्यात."

ताकदीनं करकरत एक आचका दिला आणि इंजिन जाम झालं. कारखान्यातले लूम आडवं सूत नेणारा धोटा अर्ध्यावर ठेवून थबकले. पाहुण्यानं तेल मोजायची काडी उपसून पाहिली. टोकाला डांबरासारखं काहीतरी चिकटलेलं.

"याच्यात तेल शेवटचं कधी बदललंत?"

"रोज घालतो की."

"घालता. काढता कधी?"

चिंधूनं घाम पुसला आणि तोंडभर हसून म्हणाला, "साहेब, खंडेनवमी ना आज. बघा, यंत्रालाबी कळतं."

जाईबाईनं पदर तोंडाला लावला. पाहुणा रिक्षाकडे वळत शेठला म्हणाला, "असं इंजिन घेईन मी. माणूस तुमचा तुम्हालाच राहू द्या."

शेठनं शेणाचं घमेलं चिंधूकडे पायानं सरकवलं. पुन्हा इंजिनाला हात लावायचा नाही, एवढंच बजावलं.

"बेअरिंगच हलक्या दर्जाचं होतं," चिंधू घमेलं उचलता उचलता म्हशींना सांगत होता.