रोहिणीचा पासवर्ड

रोह्याच्या छापखान्यात कॉम्प्युटर आला आणि दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर टाइप करायचं काम रोहिणीकडे आलं. मालक दत्तात्रेयशेठ एवढंच म्हणाले, "पेपर फुटला तर दुसऱ्या दिवशी येऊ नकोस." नवरा अंथरुणाला खिळलेला. घरची चूल तिच्याच पगारावर पेटत होती.

आणि शेठचा लाडका पुतण्या प्रविण दहावीला दोनदा आपटलेला, आणि दिवसभर छापखान्यातच! कुंपणच शेत खायला निघालं तर दाद कुणाकडे मागायची?

तिनं विंडोजला पासवर्ड घातला. प्रविणनं एस्केपचं बटण दाबलं आणि मशीन बिनदिक्कत उघडलं. मग पेणच्या मेकॅनिकला विचारून तिनं सेटिंग बदललं. आता मशीन सुरू होतानाच अडवायचं. पासवर्ड ठेवला 'धावीर'. ग्रामदैवताच्या राखणीत ठेवलं की झालं! अख्खा रोहा हेच ठेवील, हे काही बाईंच्या ध्यानात आलं नाही.

दुपारी जेवून आली तर प्रविण खुर्चीत. "वहिनी, धावीर सोडून रोह्यात कोण काय ठेवणार?"

नशीब, गणिताचा पेपर अजून टाइप व्हायचा होता. तिनं आधी पासवर्ड बदलला, मगच पेपर घेतला.

दुसऱ्या दिवशी शेठ बँकेत गेले आणि प्रविण पुन्हा मशीनला भिडला. तिच्या नवऱ्याचं नाव, मुलीचं नाव, सासरचं आडनाव. तीनदा चुकलं की बंद करून पुन्हा सुरू. रोहिणी कागद जुळवत होती.

तेवढ्यात दारातून हाक आली, "बायजे! कुठं हायस गो?"

गागोद्याचा तिचा थोरला भाऊ केरू, कधी नव्हे तो छापखान्यात आला होता, वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'रोहिणी' लिहिलं, तेव्हापासून 'बायजा' हे तिचं माहेरचं नाव इथं कुणी घेतलं नव्हतं. तेच आता पासवर्ड होतं.

प्रविणनं मान वळवली. "कोण बायजा?"

"इथं बायजा कोण नाय," रोहिणी कागदांवरची नजर न काढता केरूला म्हणाली. "चुकलात तुम्ही. पुढं विचारा."

केरू बघतच राहिला. मग पिशवी उचलून पायऱ्या उतरला. ती कागद जुळवतच राहिली.

शेठ परतले, प्रविण उठला, तशी ती एसटी स्टँडकडे धावत सुटली. केरू पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसला होता.

"दादा, सगळं सांगते. आधी एकदा हाक मार मला."

केरूनं तिच्याकडे बघितलं नाही.

"कुठल्या नावानं?" त्यानं विचारलं.