पहिली पेटी आणि चारशे पाच

“ताई, साइट परत बंद पडली,” मानसी फोनवर म्हणाली.

“माझ्याकडे तर चालू आहे.”

आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात निरुपयोगी वाक्य. ज्याचं काम अडलंय त्याला माझ्या लॅपटॉपवर काय दिसतं याच्याशी काय देणंघेणं? पण त्या सकाळी माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं. पान उघडत होतं, हापूसचे फोटो दिसत होते, बुकिंगचा फॉर्म भरता येत होता. आणि मुंबईतले तिचे झाडून सगळे नातेवाईक म्हणत होते, उघडतच नाही.

मी रत्नागिरीत बसून लोकांच्या वेबसाइटी सांभाळते. होमस्टेवाले, क्लासवाले आणि सीझन आला की आंबेवाले. मानसीची साइट मी बनवलेली नव्हती. ती एका एजन्सीने बनवली, मग फोन उचलणं बंद केलं, आणि ते लोढणं माझ्या गळ्यात आलं. पावसला तिच्या सासऱ्यांची बाग. आंबा दरवर्षी वाशीच्या दलालाकडे जायचा. या वर्षी मानसीने सासऱ्यांशी, म्हणजे दत्ताकाकांशी, भांडून पहिल्या तोडीचा आंबा थेट गिऱ्हाइकाला विकायचं कबूल करून घेतलं होतं. काकांची अट एकच. त्याच दिवशी संध्याकाळी दलालाचा टेम्पो दारात येईल. तोवर ऑर्डरी आल्या नाहीत तर सगळ्या पेट्या टेम्पोत, आणि पुन्हा घरात ऑनलाइनचं नाव काढायचं नाही.

“काहीतरी करा हो ताई. घरात सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत.”

आधी होस्टिंगवाल्यांना फोन केला. होस्टिंगवाले म्हणजे ज्यांच्या कॉम्प्युटरवर आपली साइट भाड्याने राहते ते. “मॅडम, आमच्या बाजूने सगळं ओके आहे. कॅश क्लियर करून बघा.” यांना सांगितलं की घराला आग लागलीय, तरी हे कॅश क्लियर करायला सांगतील.

मग राउटिंग तपासलं. साइटवर आलेली मागणी कोणत्या पत्त्यावर आलीय आणि ती कोणत्या कामाकडे पाठवायची, हे ठरवणारी जी व्यवस्था असते ती राउटिंग. पीएचपीच्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे साइट ज्या तयार सांगाड्यावर उभी असते त्यात, निम्मं आयुष्य यातच जातं. सर्व्हरची एक सेटिंगची फाइल असते, ती बिघडली तर पहिलं पान उघडतं आणि बाकी सगळी हरवतात. ती ठीक होती. राउटची जुनी कॅश, म्हणजे साठवून ठेवलेली प्रत, कधीकधी अडकून बसते. तीही पुसली. होय, होस्टिंगवाल्यांनी सांगितलेलं तेच केलं, आणि काही फरक पडला नाही याचा मला क्षणभर आनंदच झाला.

“एरर काय येतो, त्याचा स्क्रीनशॉट पाठवायला सांग कोणाला तरी,” मी मानसीला म्हटलं.

बोरिवलीच्या मामांनी फोटो पाठवला. स्क्रीनशॉट नव्हे, एका मोबाइलचा दुसऱ्या मोबाइलने काढलेला फोटो. त्यात मामांचा अंगठा स्वच्छ दिसत होता. वरची पत्त्याची पट्टी, म्हणजे मला हवी होती तेवढीच गोष्ट, कापली गेली होती. खाली पांढऱ्या पानावर आकडा होता: ४०५.

चला, काहीतरी मिळालं. ४०४ म्हणजे असं पानच नाही. ४०५ म्हणजे पत्ता बरोबर आहे, पण तुमची यायची रीत चुकली. ब्राउझर सर्व्हरकडे मुख्यतः दोन रीतींनी जातो. एक गेट, म्हणजे पान मागायला जाणं. दुसरी पोस्ट, म्हणजे भरलेला फॉर्म द्यायला जाणं. फॉर्म घेणाऱ्या खिडकीवर कोणी रिकाम्या हाताने जाऊन उभं राहिलं, तर फ्रेमवर्क ४०५ म्हणून हाकलून देतं.

सर्व्हरचा लॉग, म्हणजे आल्यागेल्याची नोंदवही, उघडला. मुंबईहून येणारा प्रत्येक माणूस थेट त्या खिडकीवरच जात होता. पहिलं पान नाही, फोटो नाही, फॉर्म नाही. एकदम ऑर्डर सेव्ह करायच्या पत्त्यावर. असं माणूस आपणहून जाऊच शकत नाही. ऑर्डरी बघितल्या तर ‘श्री ग्रामदेवता, पावस’ या नावाच्या चारपाच नोंदी, बाकी शून्य. मानसीने टेस्टिंगला टाकल्या असतील म्हणून मी त्या सोडून दिल्या. फोनवर डोकं पिकवण्यापेक्षा स्कूटर काढली आणि पावसला गेले.

पडवीत पेंढा पसरलेला, पेट्या भरून रचलेल्या. दत्ताकाका खुर्चीत बसले होते.

“ये गो बाय. झाली काय दुरुस्त?”

“काका, लोकांना लिंक कोणी पाठवली?”

“मीच. आणखी कोण पाठवणार? सगळ्या गाववाल्यांच्या ग्रुपवर टाकली, त्यांनी पुढे टाकली. मेव्हण्यानं फोन केलान, म्हणतो उघडत नाय. खोटं बोलतो मेला. माझ्या मोबाइलवर झकास उघडलीय, ही बघ.”

त्यांनी मोबाइल पुढे केला. पानावर लिहिलं होतं, ‘धन्यवाद, आपली ऑर्डर मिळाली.’ मला नीट दिसावं म्हणून त्यांनी पान बोटाने खाली ओढून ताजं केलं. मोबाइलने विचारलं, फॉर्म पुन्हा पाठवायचा का? काकांनी न वाचता ‘हो’ दाबलं. पुन्हा ‘धन्यवाद’.

मांडीवर उघडलेल्या माझ्या लॅपटॉपवर श्री ग्रामदेवतेची आणखी एक ऑर्डर आली.

“काका! ही ऑर्डर तुम्ही टाकताय?”

“मग? पहिली पेटी देवाची. बाजारात धाडतो तेव्हापण आधी देवासमोर ठेवतो. आता तुमच्या ऑनलाइनला काय वेगळा नियम हाय? देवाची ऑर्डर झाली, मग तिथलीच लिंक उचलली नि पाठवली सगळ्यांना. शुभ असतं ते.”

मी कपाळाला हात लावला. एजन्सीने ऑर्डर घेतल्यावर धन्यवादाचं पान वेगळ्या पत्त्यावर न्यायला हवं होतं. आमच्या कामात हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्यांनी ते फॉर्म घेणाऱ्या खिडकीवरच चिकटवलं होतं. त्यामुळे देवाची ऑर्डर झाल्यावर काकांच्या मोबाइलवर जो पत्ता दिसत होता तो खिडकीचा होता, आणि तोच अर्ध्या मुंबईत पोचला होता. शंका घेणाऱ्या प्रत्येकाला काका पान ओढून दाखवत होते, आणि दर वेळी देव एक पेटी मागवत होता. पैसे पेटी पोचल्यावर द्यायचे असल्याने साइटही हूं की चूं करत नव्हती.

“बाबा, मला निदान विचारायचं तरी!” मानसी रडकुंडीला आली होती. “आता नवी लिंक सगळ्यांना परत पाठवायला हवी. कोण बघणार?”

“कोणी बघणार नाही,” मी म्हटलं. “आणि पाठवायचीही नाही.”

फॉरवर्ड झालेला मेसेज माघारी आणता येत नाही, पण माणूस जिथे येऊन धडकतोय तिथून त्याला योग्य जागी नेता येतं. त्या पत्त्यावर कोणी रिकाम्या हाताने आला तर त्याला सरळ बुकिंगच्या फॉर्मवर पाठवायचं, अशी एक ओळ राउटमध्ये लिहिली. धन्यवादाचं पान वेगळ्या पत्त्यावर हलवलं. पडवीत रेंज मधेच जायची, विहिरीजवळ पक्की होती, म्हणून लॅपटॉप घेऊन तिथे काठावर बसले.

बोरिवलीच्या मामांची ऑर्डर पहिली आली. मग दादर, मग ठाणे. मानसी माझ्या खांद्यावरून बघत एकेक नाव मोठ्याने वाचत होती. टेम्पो आला तेव्हा पडवीतली एकही पेटी दलालासाठी उरली नव्हती. ड्रायव्हर चहा पिऊन रिकामा गेला.

मी देवाच्या जादा ऑर्डरी पुसायला घेतल्या, तर काकांनी हात धरला. “देवाच्या नावाचं काय पुसायचं नाय.” तेवढ्या पेट्या खरोखर देवळात गेल्या आणि गावभर आंबे वाटले गेले. तिथे काकांनी सगळ्यांना सांगितलं की पहिली ऑर्डर देवाची होती म्हणून साइट चालली. सुनेचं नाव नाही. माझं तर नाहीच.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मानसीला फोन करून म्हटलं, “तू गप्प कशी बसतेस?”

ती हसली. “ताई, पुढच्या वर्षी दलालाला नाही म्हणून सांगितलंनी त्यांनी. स्वतः फोन करून. देवाला श्रेय मिळालं म्हणूनच सांगितलंनी. मी कशाला मधे बोलू?”

आता कोणी ‘साइट बंद’ म्हणून फोन केला की मी सर्व्हरला हात लावत नाही. आधी विचारते, लिंक कोणी पाठवली, आणि घरात पहिली ऑर्डर कोणाच्या नावाने टाकायची पद्धत आहे.