तबकडीवरची सुखी माणसं

लढाई संपली आणि आमचं ऑफिस बंद झालं. टेबलं, खुर्च्या, कपाटं लिलावात गेली. भिंतीवरचं घड्याळसुद्धा कुणीतरी उचललं. किस्से तेवढे मागे राहिले. त्यांना गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून ते माझ्याच डोक्यात साठत गेले. आता चार मित्र जमले, चहा आला, की कुणीतरी म्हणतंच, "ते रेडिओचं सांग रे!" मी सांगतो. सगळे हसतात. मीही हसतो, पण घरी जाताना तोंड कडू झालेलं असतं.

ऑफिस साताऱ्यात होतं. काम एवढंच, की लढाईवर गेलेल्या जवानांच्या घरच्यांची विचारपूस करायची. वर सुभेदारसाहेब, मागच्या लढाईतले पेन्शनर, पण मिशा अजून ड्यूटीवर! खाली मी, कारकून. एके दिवशी मुंबईहून हुकूम आला. रेडिओवर जवानांसाठी कार्यक्रम सुरू होतोय, त्यात त्यांच्या घरची माणसं पाहुणे म्हणून बोलणार. रेडिओची मोटार साताऱ्याला येईल, आवाज तबकडीवर घेईल, आणि मग ती तबकडी तिकडं परदेशात, पोरांच्या छावणीत वाजेल. सातारा-सांगलीकडची माणसं निवडायची आणि त्यांची तयारी करून घ्यायची, हे आमच्या गळ्यात पडलं.

माणशी एक मिनिट. तबकडीवर एकदा रेघ उमटली की पुसता येत नाही, म्हणून तालीम पक्की हवी. बोलायचं काय तेही मुंबईहून ठरून आलं होतं. आधी जवानाचं पूर्ण नाव, मग "आम्ही सर्व सुखी आहोत, आमची काळजी करू नका." मध्ये घरचं एखादं वाक्य चालेल, पण तेही आधी मंजूर करून घ्यायचं.

* * *

पहिल्या तालमीला कराडकडचे ज्ञानूआबा आले. ऊसवाले, पटका बांधलेले, थोरला मुलगा लढाईवर. येतानाच त्यांनी मनात सगळं जुळवून आणलं होतं.

"पोराला सांगतो, औंदा पाऊस न्हाई."

"पावसाचं बोलायचं नाही, आबा," मी म्हणालो. "शत्रू ऐकतो."

"शत्रूला आमच्या पावसाचं काय करायचंय?"

"हवामान ही लष्करी बाब आहे!" सुभेदार गरजले.

"बरं. तांबडा बैल मेला, त्ये सांगतो."

"वाईट बातमी नाही सांगायची."

"गुळाचा भाव पडलाय."

"भाव तर अजिबातच नाही!"

आबांनी पटका सारखा केला. मग मी त्यांच्याकडून पाठ करून घेतलं, "आम्ही सर्व सुखी आहोत, आमची काळजी करू नका." त्यांनी ते दोनतीनदा म्हटलं, नीट म्हटलं, आणि मग स्वतःच थांबले.

"आवं सुभेदार, असं बोललो तर पोरगं वळखंल का मला? कुनाचा तरी भलताच बाप बोलतोय म्हनंल!"

* * *

आमची खरी परीक्षा घेतली ती अंजिरानं. लोणंदजवळच्या एका वाडीची ही सून. नवरा मारुती लढाईवर. घरात ती आणि सासू बायजाबाई, दोघीच. म्हातारीचा हा एकुलता एक मुलगा, आणि घरचा आवाज त्याच्या कानावर पडावा हा तिनं ध्यासच घेतला होता. पण तिला दमा. दोन शब्द बोलली की छाती भात्यासारखी वर-खाली व्हायची. म्हणून बोलायचं सुनेनं, असं ठरलं.

आणि सून नवऱ्याचं नाव घेईना!

नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी होतं, हे आपल्याकडं कुठल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. त्यात धनी लढाईवर. अंजिरा बाकीचं सगळं खडखडीत बोलायची, नावापाशी आली की ओठ मिटायची. मी म्हटलं, नाव आपण सांगू, पुढचं ती बोलेल. मुंबईचे रेडिओसाहेब आधीच पाहणीला आले होते, ते म्हणाले, "नाही. छावणीत गलका असतो. घरच्या आवाजात स्वतःचं नाव ऐकलं तरच जवान कान देतो."

सुभेदारांनी हुकूम सोडला, "बाई, सरकारी काम आहे, नाव घे!"

बायजाबाई धापा टाकत उठली. "सरकारला... म्हनावं... माझ्या ल्योकाचं आयुष्य... भरून देतंय का?"

मग मला वाटलं, उखाण्यात घेतलेलं चालतं की! अंजिरानं लाजत लाजत उखाणा जुळवला: "लोणंदच्या बाजारात कांद्याच्या राशी, मारुतरावांचं नाव घेते आत्याबाईंच्यापाशी." आम्ही टाळ्या वाजवल्या. रेडिओसाहेबांनी खिशातून पेन्सिल काढली. लोणंद हे रेल्वेचं ठिकाण, ते गेलं. कांदा म्हणजे अन्नपुरवठ्याची माहिती, तोही गेला. राहिल्या नुसत्या राशी आणि आत्याबाई. शिवाय मंजूर मजकुरात गाणं कुठंच नव्हतं!

शेवटी साहेबांनी सांगितलं की त्या दिवशी सरळ नाव घेतलं तर ठीक, नाहीतर तिची जागा दुसऱ्या घराला. बायजाबाईचा चेहरा पडला. सुनेला ती बोलणार तरी कुठल्या तोंडानं? नाव घेऊ नये हे तिनंच तिला शिकवलं होतं.

* * *

मोटार आली त्या पहिल्या दिवशी जतकडून एक धनगर आला, बिरूमामा. घोंगडं, काठी, आणि बोलायला फारसा उत्सुक नसलेला माणूस. रेडिओच्या मोटारीसमोर उभा केला तर म्हणाला, "बोलायचं कशाला? मी नुस्ती हाळी देतो."

"हाळी म्हणजे?"

"मेंढरामागं असलो की पोराला ह्या डोंगरावरनं त्या डोंगरावर हाक घालतो. तिच्यात शबुद न्हाई. पर माझी हाळी त्यो लाखात वळखतोय."

रेडिओसाहेब सावध झाले. "शब्द नाहीत? म्हणजे सांकेतिक निरोप झाला!"

झालं! सांकेतिक निरोपाला बंदी. बिरूमामानं मग आम्ही पढवलेलं वाक्य शाळेतल्या पोरासारखं हात जोडून म्हटलं, आणि तबकडी पास झाली. बाहेर पडल्यावर मात्र फाटकापाशी तो वळला, तोंडाशी हात धरला आणि हाळी दिली. टांग्याची घोडी बुजली. रस्त्यावरची माणसं जागच्या जागी थांबली. ती हाळी अजिंक्यताऱ्यावर आपटून परत आली, तेव्हा सुभेदारसुद्धा खिडकीशी उभे होते.

तबकडीवर गेलं ते "आम्ही सर्व सुखी आहोत." मला अजून त्याचा राग येतो.

* * *

शिराळ्याकडच्या गंगूआजीची तालीम सगळ्यांत चांगली झाली होती. नाव, गाव, मजकूर, सगळं तोंडपाठ. घरचं वाक्य तिनं मागून घेतलं होतं, "बरा हायस का रं बाळा?" ते मंजूरही झालं. त्यात शत्रूच्या कामाचं काही नव्हतं.

त्याच दिवशी तिची पाळी आली. तबकडी फिरू लागली. आजीनं नाव-गाव नीट सांगितलं, म्हणाली, "बरा हायस का रं बाळा?" आणि गप्प बसली.

तबकडी फिरतेय. साहेब हातानं खुणावतायत. आजी त्या मशीनच्या जाळीकडं एकटक बघतेय.

"आजी, पुढं बोला की!" मी कुजबुजलो.

"त्येला बोलू दे की आदी!"

तबकडी वाया गेली. साहेब चिडले. सुभेदार म्हणाले, मी बघतो. दुसऱ्या खेपेला ते मशीनच्या मागं जाऊन बसले. आजीनं विचारलं, "बरा हायस का रं बाळा?" मागून सुभेदारांनी हळूच आवाज दिला, "बरा हाय आये."

आजीनं लुगड्याचा पदर सावरला, पिशवी उचलली आणि उठली.

"ह्यो माझा न्हवं," ती म्हणाली. "माझा न्हाई तर मी कशाला बोलू?"

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी एक रावबहादूर आले. आमच्या यादीत नव्हते. त्यांच्या घरचं कुणी लढाईवर नव्हतं. मुलगा विलायतेला बॅरिस्टर होत होता. पण जिल्ह्याच्या वतीनं दोन शब्द बोलायला मुंबईहूनच त्यांना सांगणं आलं होतं. त्यांना तालीम नको, मिनिटाची अट नको, मजकुराची मंजुरी नको! दोन शब्दांच्या पार तीन तबकड्या झाल्या. बाहेर ओसरीवर माणसं भाकरीची फडकी सोडून बसली होती, कुणी पहाटेच्या गाडीनं आलेली, कुणी पायी.

मोटारीचं दार उघडं होतं, आवाज बाहेर येत होता. "या जिल्ह्यातल्या मातांनी," रावबहादूर घसा खाकरून म्हणाले, "आपले पुत्र हसत हसत दिले!"

 ओसरीवर एका बाईनं शेजारणीला विचारलं, "कोन हासलं गं?"

रावबहादूर गेल्यावर साहेबांनी तबकड्या मोजल्या आणि निम्म्या माणसांना परत पाठवायला सांगितलं. ते काम माझ्याकडं आलं. एकानंही भांडण काढलं नाही, हेच मला जास्त लागलं. "बरं, फुडच्या टायमाला," म्हणत ती माणसं भाकरीची फडकी बांधत उठली. पुढचा टाईम कधी आलाच नाही.

* * *

शेवटची एक तबकडी राहिली. पाळी होती अंजिराची. नाव घेतलं नाही तर ती तबकडी साताऱ्यातल्याच, लढाईवर गेलेल्या एका हवालदाराच्या घरच्यांना मिळणार होती. त्याचा भाऊ कडक इस्त्रीचा कोट घालून तयारच उभा होता.

अंजिरा आत केस नीट करत होती, तोवर बायजाबाई माझ्याशेजारी येऊन बसली. त्या दिवशी म्हातारी भलतीच खुशीत होती. दम लागत होता, तरी बोलत होती.

"आवं कारकूनसाहेब, परवा... शेजारच्या गावचा जवान आलता... रजेवर. आमच्या मारुतीच्याच पलटनीतला!"

"मग? काय म्हणाला?"

"मारुती ब्येस हाय म्हनला... अंगानं भरलाय म्हनला. लय घाईत हुता गडी... चा बी पुरा पिला न्हाई. सून त्येला... गावच्या येशीपतुर पोचवून आली."

"चांगलं झालं की!"

"तवापासनं... पोरीनं मनावर घेतलंय. मला म्हनली, आत्याबाई... तुमी नका काळजी करू... ह्या टायमाला मी बोलती. आता नावाचं तेवढं... कसं काय करती..."

साहेबांनी हाक मारली. आम्ही म्हातारीला मोटारीत पायरीजवळच्या स्टुलावर बसवलं. अंजिरा मशीनसमोर उभी राहिली. डोक्यावरचा पदर कपाळावर ओढलेला, हात बाजूला सोडलेले.

"नाव घ्यायचं बरं का," साहेब म्हणाले. "अडखळलीस तर दुसरी तबकडी नाही."

"घेते," ती म्हणाली.

सुभेदार माझ्या कानात पुटपुटले, "ओठ मिटेल बघ." हवालदाराचा भाऊ दारापर्यंत सरकला. तबकडी फिरायला लागली, साहेबांनी बोट खाली केलं.

"शिपाई मारुती बाबू शेळके," अंजिरा म्हणाली. आवाज स्वच्छ. थांबली नाही, लाजली नाही, खाली बघितलं नाही. "मी घरनं बोलते. आत्याबाई बऱ्या हायती. तुमची वाट बघत्यात. आमी समदी सुखात हाय. आमची काळजी करू नका."

मशीन थांबलं. साहेब उठूनच उभे राहिले. "फर्स्ट क्लास! दोन दिवसांत एवढं नीट कुणी बोललं नाही! सुभेदार, हिला पहिल्याच दिवशी का नाही उभं केलंत?" सुभेदार मिशीवरून हात फिरवत हसले. मीही हसलो. हवालदाराचा भाऊ कोटाची बटणं सोडत निघून गेला.

मग मी बायजाबाईला शाबासकी द्यायला वळलो. म्हातारी हसत नव्हती. स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरून ती सुनेच्या ओठांकडं बघत होती, आणि तिचा दम कुठं गेला होता कोण जाणे, आवाज एकदम सरळ आला.

"येशीपाशी सांगितलं व्हय गं त्या जवानानं तुला?"