पहिल्या मजल्यापर्यंत

बरकतपुऱ्यात आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही. नोकरीत असताना हे जिने मी सहज चढायचे. निवृत्तीनंतर हृदय कमजोर झालं आणि त्याच जिन्यांनी मला घरात अडकवलं.

इको बघून डॉक्टर म्हणाले, "अम्मा, हृदय पसरलंय, म्हणून झडप नीट मिटत नाही. पुढे जायचं रक्त मागे येतं. ते सोसून वरचा कप्पा ताणला गेलाय, त्याचाही जोर कमी झालाय."

"आडवं झालं की गुदमरतं, ते यामुळेच?"

"हो. फुफ्फुसांत पाणी साठतं."

तेव्हापासून पाणी मोजून, जेवण अळणी आणि झोप उशांना टेकून, बसल्या बसल्या. हे गेल्यापासून घरात मी आणि मुलगी, दोघीच. ती ऑफिसला निघताना बजावायची, "आई, खाली उतरू नकोस." मग मी आणि गॅलरी. खालून माणसं जायची, ओळखीची कुणी वर बघून हात करायची आणि चालू लागायची.

एका दुपारी मला ते असह्य झालं. सुलतान बाजारात जाऊन आपल्या हाताने एक सुती साडी निवडावी, एवढंच मनात होतं. कठडा धरून उतरले. पहिल्या मजल्यावर छाती भरून आली. खाली जायचं बळ नव्हतं, वर चढणं तर दूरच. पायरीवर बसले. हाक मारायलाही श्वास पुरेना.

तिथल्या शेजारणीने दार उघडलं. "यां कायकू बैठे अम्मा?" म्हणत तिने मला हाताला धरून आत नेलं, खिडकीपाशी बसवलं आणि मुलीला फोन केला. मुलगी धावत आली. रागावेल असं वाटलं होतं, पण ती माझ्या पायाशी बसून रडू लागली.

"मी तुला कोंडून ठेवलंय ना, आई?"

"तू नाही गं. पण मला असं वर बसून मरायचं नाही."

डॉक्टरांनाही तसंच सांगितलं. छाती उघडून शस्त्रक्रिया मला झेपणार नव्हती. मांडीतल्या शिरेतून नळी नेऊन त्यांनी झडपेला चिमटा लावला. गळती कमी झाली. आता पाठ टेकून झोपते. पण ताणलेला कप्पा पूर्ववत होईल याची खात्री नाही, असं ते म्हणाले. मधूनच ठोके भरकटतात, तेव्हा मी भिंत धरून उभी राहते.

हल्ली शेजारणीकडे उतरते, संध्याकाळी मुलीच्या आधाराने, थांबत थांबत वर येते. तळमजल्यावरचं घर शोधतोय. अजून मिळालेलं नाही.